वाटी की कटोरी : इंदूरच्या एका थेरपी केंद्रातील आठ महिने

आमचे घर लोकमान्यनगरात आहे. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाल्यापासून गेले आठ महिने आम्ही त्याला आठवड्यातून दोनदा शहरातील एका खासगी केंद्रात नेत आहोत. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचाराला, पूर्ण गुण द्यावे लागतील. तांदळाने भरलेल्या टोपल्यात लपवलेले मणी शोधण्यापासून तेथे सुरुवात झाली. ओलसर, चिकट काहीही हाताला लागले की किंचाळणारा मुलगा आता वरणभात स्वतः कालवून खातो. ज्यांच्या घरी हा प्रश्न नाही, त्यांना यात विशेष काय ते कळणार नाही.

स्पीच थेरपीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. पहिल्या असेसमेंटमध्ये कटोरीचे चित्र दाखविल्यावर तो स्पष्टपणे ‘वाटी’ म्हणाला आणि कागदावर फुली पडली. पाठोपाठ, घरातही फक्त हिंदीच बोला, असा सल्ला मिळाला. दोन भाषा कानावर पडल्यामुळे बोलणे लांबत नाही, ही गोष्ट वाक्-भाषातज्ज्ञांमध्ये आता वादाची राहिलेली नाही. शिवाय जी आजी त्याच्याशी दिवसभर बोलते, तिने मोडक्या हिंदीत बोलायचे ठरविले असते, तर तिचे बोलणेच निम्म्यावर आले असते. आम्ही सल्ला मानला नाही. त्याच्या तोंडी असलेल्या साठेक मराठी शब्दांची यादी हिंदी प्रतिशब्दांसह लिहून दिली, आणि तिसऱ्या महिन्यात आलेल्या नव्या थेरपिस्टने ती भिंतीवर लावून दोन्ही उत्तरे बरोबर धरली.

दुसरी तक्रार माहितीची. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना यांविषयी केंद्राने अवाक्षर काढले नाही. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या या आरोग्यविम्यात थेरपीचाही खर्च धरला जातो, हे आम्हाला बाकावर शेजारी बसलेल्या एका आईकडून समजले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमानुसार ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हेही तिनेच सांगितले. दर सेशनला पैसे मोजून घेणाऱ्या केंद्राने एवढे एका कागदावर छापून द्यायला हरकत नव्हती.

नव्याने जाणाऱ्यांनी स्पीच थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. आम्हाला तो विचारताक्षणी दाखविला गेला, हे येथे नोंदविले पाहिजे. संध्याकाळी पाचची वेळ मात्र घेऊ नये, कारण वरच्या मजल्यावर तेव्हा तबल्याचा वर्ग भरतो आणि आमचे चिरंजीव पाऊण तासापैकी अर्धा तास कान झाकून बसतात.