नागपूरला बेसा रोडला घर बांधून घेतलं, त्या ठेकेदाराच्या कामाचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालोय, ३१ वर्षं कालवे आणि छोटे पूल यातच गेली. बार चार्ट, म्हणजे कोणतं काम कधी सुरू आणि कधी संपणार याचा पट्ट्यांचा तक्ता, तो काय असतो आणि साइटवर कसा मरतो हे मला कोणी सांगायची गरज नाही. ऑफिसात बसून तारखा टाकायच्या, मिस्त्रीला त्या दिवशी सकाळी सांगायचं की आज हे करायचंय, आणि नाही झालं की त्यालाच ओरडायचं, असंच चालत आलंय. म्हणून स्वतःचं घर बांधायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम चार ठिकाणी चौकशी केली आणि शेवटी दोन तरुण सिव्हिल इंजिनिअरांच्या छोट्या फर्मला काम दिलं, ग्राउंड प्लस वन, १५०० स्क्वेअर फुटाचा प्लॉट.

त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं की काका, वरच्या तारखा आमच्या आणि आठवड्याच्या तारखा मिस्त्री लोकांच्या. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. म्हणजे अकरा महिन्यांचा बार चार्ट होताच, त्यात जोता, खालचा स्लॅब, वरचा स्लॅब, प्लास्टर असे टप्पे आणि माझे पैशाचे हप्ते त्याच टप्प्यांना बांधलेले. पण त्या चार्टच्या खाली पुढच्या तीन आठवड्यांची एक यादी असायची, कोणतं काम येतंय आणि त्याला काय काय अडतंय, आणि त्याच्याही खाली प्लायवूडच्या पाटीवर फक्त येणारा आठवडा. दर शनिवारी पाच वाजता, मजुरांचा हप्ता वाटायच्या आधी, सगळे हेडमिस्त्री त्या पाटीसमोर उभे राहायचे. सेंटरिंगवाल्याची (स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावणाऱ्याची) पिवळी चिठ्ठी, लोखंडवाल्याची निळी, प्लंबरची हिरवी, इलेक्ट्रिकवाल्याची गुलाबी. चिठ्ठी ज्याची त्यानंच लिहायची आणि लावायची, इंजिनिअर हात लावत नव्हता. जोडाईचा मिस्त्री लिहिणारा नव्हता तर तो चिठ्ठीवर थापीचं चित्र काढायचा आणि बाजूला जेवढे दिवस लागणार तेवढ्या उभ्या रेघा, आणि सगळ्यांना ते बरोबर समजायचं.

खालच्या स्लॅबच्या आधीचा शनिवार सांगतो. चार्टप्रमाणे गुरुवारी स्लॅब भरायचा होता, मिक्सर आणि व्हायब्रेटरवाल्याला सांगून झालं होतं. सेंटरिंगवाला म्हणाला, गुरुवारी नाही होत साहेब, संडासच्या सन्कन भागाची, म्हणजे जिथं स्लॅब खाली दाबून घेतात तिथली फळ्यांची पेटी अजून बसली नाही. का नाही बसली तर प्लंबरनं पाइपाची लेव्हल दिली नाही. प्लंबर म्हणे मला तिथं लोखंड बांधून झाल्यावर बोलावता, मग स्लीव्ह (पाइप जायला स्लॅबमध्ये ठेवायची नळी) कुठून घालू, आणि लोखंडवाला म्हणे मला तर कोणी थांब म्हटलंच नाही. दहा मिनिटं चांगलीच जुंपली. इंजिनिअर बाजूला उभा राहून ऐकत होता, मध्ये पडला नाही. मग त्यांनीच ठरवलं की सोमवारी दुपारपर्यंत प्लंबर लेव्हल देईल, मंगळवारी पेटी, लोखंडवाला तेवढा कोपरा सोडून बाकी जाळी बांधत जाईल, बुधवारी स्लीव्ह आणि कंड्युट (विजेच्या तारांचे पाइप) एकत्र, गुरुवारी तो कोपरा बांधून चेकिंग आणि शुक्रवारी पहाटे स्लॅब. एका दिवसाचा उशीर. माझ्या काळात आम्ही तोच स्लॅब गुरुवारी रेटून भरला असता आणि मग महिन्याभरानं छन्नी-हातोडा घेऊन पाइपासाठी त्याच स्लॅबला भोकं पाडली असती, आणि पुढं दहा वर्षं खालच्या खोलीत ओल. अशा ओली मी सरकारी क्वार्टरांत खूप पाहिल्या आहेत.

माझा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो सुटीत आला तेव्हा पाटी बघून म्हणाला बाबा हे तर आमचं स्क्रम, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांची टीमनं थोड्या थोड्या दिवसांचं काम ठरवून करायची पद्धत. थोडंफार सारखं आहेच, टीमनं आपलं काम आपण ठरवायचं ही गोष्ट त्यांच्याकडे २००१ च्या अजाइल मॅनिफेस्टोत, म्हणजे सॉफ्टवेअर कसं बनवावं याच्या जाहीरनाम्यात, लिहिलेलीच आहे. पण बांधकामाची ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांकडून आलेली नाही. तिचं नाव लास्ट प्लॅनर, ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघांनी अमेरिकेत १९९० च्या दशकात ती बसवली आणि १९९७ मध्ये लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट काढली. त्यांनी साइटवर मोजून पाहिलं तर आठवड्याला ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम अर्धीच वेळेवर होत होती. म्हणून जो माणूस प्रत्यक्ष काम करतो किंवा करून घेतो तोच शेवटचा प्लॅनर, शब्द त्यानं द्यायचा, आणि आठवड्याच्या शेवटी दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले ते टक्क्यात मोजायचं. त्या टक्क्याला ते पीपीसी म्हणतात, आपल्याकडे पीपीसी हे सिमेंटच्या एका प्रकाराचं नाव, ते म्हटलं की गोणी डोळ्यासमोर येते म्हणून आमच्या पाटीवर नुसतं ९ पैकी ५ असं लिहायचे. पहिल्या महिन्यात ९ पैकी ५, १० पैकी ४ असंच चाललं होतं. पण न झालेल्या प्रत्येक चिठ्ठीमागे कारण लिहायचे, रेती आली नाही, ड्रॉइंग नाही, माणूस नाही, आणि पुढच्या शनिवारी ते कारण आधी मिटवायचे. उन्हाळा लागेपर्यंत १० पैकी ८ वर आलं होतं.

उन्हाळ्यावरून आठवलं, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढं गेला तेव्हा कामाची वेळ मजुरांनीच बदलून घेतली. पहाटे साडेपाचला सुरू, साडेअकराला बंद, मग चारनंतर अंधार पडेपर्यंत. तराईची (काँक्रीटला पाणी मारायची) पाळी पण त्यांनीच लावली, स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवायचं आणि कॉलमला ओली पोती, दुपारी बाकीचे झोपले तरी एक माणूस पाइप घेऊन फिरतच असायचा. आमचं सिमेंट फ्लाय ॲशचं (कोळशाची राख मिसळलेलं), अशा सिमेंटला आणि अशा उन्हात आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचा भारतीय कोड, किमान १० दिवस पाणी सांगतं आणि जमलं तर १४, आम्ही पूर्ण १४ दिलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी या लोकांना मनापासून मानतो ती सांगतो. आमच्या हॉलचा गाळा, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधलं अंतर, पाच मीटरचा. वरचा स्लॅब भरून नववा दिवस आणि सेंटरिंगवाल्याला बल्ल्या-फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या होत्या. शनिवारी त्यानं चिठ्ठी लावली, सोमवारी खोलणार. जोडाईवाला खुश, कारण त्याला खाली जागा मोकळी होणार, प्लंबरही खुश, सगळ्यांची मान डोलली. तेव्हा तो तरुण इंजिनिअर पहिल्यांदा मध्ये आला, चिठ्ठी काढून सेंटरिंगवाल्याच्या हातात परत दिली आणि पाटीवर लाल खडूनं लिहिलं, १४ दिवस, यावर चर्चा नाही. साडेचार मीटरच्या वरच्या गाळ्याला टेकू १४ दिवसांच्या आत काढायचा नाही हे कोडात आहे, ते शनिवारच्या पाटीवर ठरत नाही. क्यूब टेस्टचंही (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासतात ती) तसंच, ७ दिवसांचा आणि २८ दिवसांचा रिपोर्ट माझ्या हातात आणून दिला, न मागता. सेंटरिंगवाला दोन दिवस फुगून होता, मग आला. कोणी कोणाच्या आधी, किती माणसं, किती वाजता हे मजूर आपसात ठरवतात, आणि लोखंड, काँक्रीट, टेकू, पैशाचे टप्पे हे वरून येतं, ही रेघ त्यांनी पूर्ण वर्षभर पाळली. अशी रेघ मला नोकरीत कोणी शिकवली नाही, शिकवली असती तर माझ्या हाताखालच्या कितीतरी मिस्त्रींना मी उगाच बोललो नसतो.

पोळ्याचंही बरं झालं. निम्मे मजूर बालाघाट आणि सिवनीकडचे, निम्मे उमरेडकडचे. पोळ्याला कोण किती दिवस गावी जाणार हे तीन आठवडे आधी यादीत आलेलं होतं, त्यामुळे त्या आठवड्यात जोडाई ठेवलीच नव्हती, घरातल्या घरात इलेक्ट्रिकच्या तारा ओढून झाल्या.

एक स्टार कापला तो खिडक्यांमुळे. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बाहेरचा सप्लायर करणार होता, तो काही शनिवारी पाटीसमोर उभा राहत नाही, त्यामुळे त्याची चिठ्ठी कोणाचीच नव्हती. बार चार्टमध्येही एकच ओळ, खिडक्या बसवणे. मापं घेऊन ऑर्डर कधी द्यायची ते कुठंच नाही. ऑर्डर उशिरा गेली, माल पाच आठवडे आला नाही आणि भर पावसात ताडपत्री बांधून बसलो, दोन खिडक्यांच्या खालचं नवं प्लास्टर फुगलं ते काढून परत करावं लागलं. फर्मनं ते स्वतःच्या खर्चानं केलं, चूकही कबूल केली, पण दिवाळीचा गृहप्रवेश गेला तो गेलाच, आम्ही डिसेंबरच्या मध्यात राहायला आलो. माझ्या आईला दिवाळी नव्या घरात करायची होती, तिचं वय ८६, म्हणून मला ते जास्त लागलं.

दुसरं, शनिवारी घरमालकानं तिथं थांबायची तयारी पाहिजे. मी रिटायर आहे, मला जमलं. तुम्ही नोकरीत असाल तर किमान महिन्यातून दोन शनिवार तरी जाच, कारण टाइल कोणती, बोर्ड कुठं, असे तुमच्यामुळे अडलेले निर्णयही तिथं तुमच्या नावानं लागतात. माझ्या नावाची चिठ्ठी चार वेळा लागली होती आणि पाटीवर आपलं नाव बघितलं की त्याच संध्याकाळी दुकानात जावंसं वाटतं.

धाकट्या भावाचा प्लॉट मनीषनगरला आहे, तो मार्चमध्ये काम सुरू करतोय. त्याला याच लोकांचा नंबर दिला, फक्त खिडक्यांची चिठ्ठी पहिल्याच शनिवारी लावून घे म्हणून बजावलंय.