बासू चटर्जींचे सुरुवातीच्या काळातले चार सिनेमे : लग्नाआधी कोणता पाहावा, नंतर कोणता?

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. तो पुण्यात, ही ठाण्यात. शनिवारी भेटतात तेव्हा एखादा जुना सिनेमा एकत्र बघायचा, असं दोघांचं ठरलंय. परवा तिचा फोन आला, "मावशी, बासू चटर्जींचा आधी कुठला बघू? सगळे म्हणतात साधे-सरळ सिनेमे. पण चारही साधेच असतील तर निवडू कसा?" फोनवर अर्धा तास बोलले, तरी बरंच राहिलं. तिच्यासारखेच आणखीही कुणी विचारात असतील, म्हणून नीट लिहून काढतेय.

दिग्दर्शक बासू चटर्जींचे हे सिनेमे चार : 'सारा आकाश' (१९६९), 'पिया का घर' (१९७२), 'रजनीगंधा' (१९७४) आणि 'छोटी सी बात' (१९७६). चारही हिंदी, चारही मध्यमवर्गातले, चारही प्रेम आणि लग्न याच विषयावरचे. तरी एकाच्या जागी दुसरा लावून चालणार नाही, इतका त्यांचा स्वभाव वेगळा आहे.

बासूदांचा जन्म अजमेरचा. वाढले मथुरेत आणि पोटापाण्यासाठी मुंबईत आले. 'ब्लिट्झ' साप्ताहिकात त्यांनी कितीतरी वर्षं व्यंगचित्रं काढली. 'तीसरी कसम'ला साहाय्यक म्हणून काम केलं आणि चाळिशीच्या आसपास स्वतःचा पहिला सिनेमा केला. व्यंगचित्रकाराची ती नजर चारही सिनेमांत दिसते. माणूस बसथांब्यावर उभा कसा राहतो, ऑफिसची बॅग कुठे टेकवतो, बोलायचं नसलं की हात कुठे ठेवतो, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

लग्न ठरवून झालंय की प्रेमातून, यात त्यांना फारसा रस दिसत नाही. या दोघांना एकमेकांशी बोलायला मिळतंय का, आणि बोलायला जागा तरी कुठे आहे, एवढंच ते शोधत राहतात. भाचीलाही मी हेच सांगितलं, की चारही सिनेमे हा एकच प्रश्न हातात धरून बघ.

'सारा आकाश' राजेंद्र यादवांच्या कादंबरीवरचा. आग्र्यातलं एकत्र कुटुंब. समर अजून शिकतोय, त्याला आयुष्यात काहीतरी मोठं करायचंय आणि घरच्यांनी त्याचं लग्न लावून दिलंय. नवरी प्रभा शिकलेली आहे. पहिल्या रात्रीच काहीतरी बिनसतं आणि दोघं बोलणं टाकतात. एक-दोन दिवस नाही, महिनोन्‌महिने! एका छपराखाली राहायचं, एका स्वयंपाकघरातलं जेवायचं आणि शब्द म्हणून बोलायचा नाही. मध्ये सासू, जाऊ, शेजारणी आणि प्रभाच्या शिक्षणावरून मारलेले टोमणे.

के. के. महाजनांनी हे कृष्णधवल चित्रण केलंय. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो का मिळाला, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. घर खऱ्या वस्तीतलं आहे. जिने, गच्ची, अंधारे बोळ, अंगणातलं ऊन. प्रभा कामं करत एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि समर कुठल्यातरी कठड्याआडून बघत असतो. बघतो, नजर वळवतो, पुन्हा बघतो. या घरात जागेची टंचाई नाही. गच्चीवर सगळं आकाश मोकळं आहे. नाही तो फक्त पहिला शब्द. शेवटी तो उच्चारला जातो तेव्हा माझा गळा दरवेळी दाटून येतो, आणि मी हा सिनेमा आजवर पाच वेळा तरी पाहिलाय.

हा चारांतला सगळ्यात कठीण सिनेमा आहे, हेही सांगायला हवं. गाण्यांचा आधार नाही, विनोद जवळपास नाही. समरचा राग येतो आणि यावाच. तो दुष्ट नाही. घाबरलेला, अहंकारी, वीस-बावीस वर्षांचा पोरगा आहे आणि त्याच्या भीतीची किंमत प्रभा मोजतेय. १९६९ साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या पैशांवर नव्या वळणाचे काही सिनेमे निघाले. मृणाल सेनांचा 'भुवन शोम', मणी कौलांचा 'उसकी रोटी' हे त्याच सालचे. गंमत म्हणजे मणी कौल 'सारा आकाश'मध्ये समरच्या थोरल्या भावाच्या भूमिकेत आहेत. त्या तिघांत बासूदांचाच सिनेमा सामान्य प्रेक्षकाला सगळ्यात जवळचा वाटेल, पण संथपणाची तयारी ठेवूनच बसा.

'पिया का घर' म्हणजे याच्या बरोबर उलटी परिस्थिती. मालती (जया भादुरी) मोकळ्या, ऐसपैस घरातून मुंबईच्या चाळीत येते. राम (अनिल धवन) प्रेमळ आहे, सासरचे मायेचे आहेत, दोघांना एकमेकांशी खूप खूप बोलायचंय आणि जागाच नाही! नव्या जोडप्याचं अंथरूण पडतं ते स्वयंपाकघरात.

ही गोष्ट मूळची आपली. १९७० साली राजा ठाकुरांनी केलेल्या 'मुंबईचा जावई' या मराठी सिनेमाची ही हिंदी आवृत्ती. मूळ कथा व. पु. काळे यांची. वपु मुंबई महापालिकेत वास्तुविशारद म्हणून नोकरी करत होते, त्यामुळे या शहरात माणसाच्या वाट्याला किती चौरस फूट येतात, हे त्यांना कागदावर आणि कागदाबाहेर दोन्हीकडे माहीत होतं. 'का रे दुरावा, का रे अबोला' हे गाणं त्या मराठी सिनेमातलं. आपल्याकडे ते रेडिओवर इतकं वाजलं की त्यामागची दोन खोल्यांची अडचण बहुतेकांच्या लक्षातही राहिली नाही.

हा सिनेमा मी पहिल्यांदा आईबरोबर पाहिला. स्वयंपाकघरातल्या अंथरुणाचा प्रसंग आला तशी ती पुढे सरसावून बसली. "आमच्याकडे पहाटे पाचला स्टोव्ह पेटायचा," ती म्हणाली, "मामंजींची पहिली पाळी असायची. त्याआधी गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची, म्हणजे चहाला जागा व्हायची." लग्नानंतरची सात वर्षं ती अशी झोपली होती. हे तिनं मला त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. सिनेमा चालूच राहिला, आई पुढे काही बोलली नाही आणि मलाही काही विचारवलं नाही.

म्हणूनच 'पिया का घर'चा शेवट मला आजही पुरता पटत नाही. कुटुंबाच्या मायेचा भर पडून सगळं गोड होतं, पण माया मिळाली म्हणून अंथरुणाची जागा काही वाढत नाही. राजश्री या निर्मितीसंस्थेच्या घरगुती सिनेमाला शोभेल असा तो शेवट आहे आणि कलाकृती म्हणून चारांत हा सगळ्यात दुबळा. तरीही मी तो वगळू देणार नाही. लग्नानंतर सासरी किंवा एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चार-पाच माणसांत राहायचं असेल, तर दोघांनी मिळून आधी बघावा असा हाच. 'ये जीवन है' हे किशोरकुमारचं गाणं तर त्या सगळ्या अडचणीवरून हळुवार हात फिरवून जातं.

आता 'रजनीगंधा'. रजनीगंधा म्हणजे आपला निशिगंध, बाजारात आपण गुलछडी म्हणून मागतो तो. सिनेमा मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेवरचा. मन्नूजी राजेंद्र यादवांच्या पत्नी. म्हणजे 'सारा आकाश' नवऱ्याच्या लेखणीतून आला आणि 'रजनीगंधा' बायकोच्या. दोन्ही लागोपाठ पाहिले तर फरक अगदी स्वच्छ दिसतो. पहिल्यात आपण समरच्या डोक्यात असतो आणि प्रभा बाहेरून दिसते. दुसऱ्यात आपण पूर्णपणे दीपाच्या डोक्यात असतो आणि पुरुष बाहेरून दिसतात.

दीपा (विद्या सिन्हा) दिल्लीत संशोधन करतेय. संजय (अमोल पालेकर) तिचा होणारा जोडीदार. उशिरा येतो, ऑफिसच्या बढतीबद्दल तासन्‌तास बोलतो, सिनेमाची तिकिटं विसरतो आणि निशिगंधाची फुलं घेऊन हसत दारात उभा राहतो. नोकरीच्या मुलाखतीसाठी दीपा मुंबईला येते आणि कॉलेजच्या दिवसांतला नवीन (दिनेश ठाकूर) तिला भेटतो. नवीन वेळेवर येतो, तिच्या नोकरीसाठी धडपडतो, साडी छान दिसतेय हे त्याच्या लक्षात येतं. मूळ कथेत शहरं कानपूर आणि कलकत्ता आहेत. बासूदांनी ती दिल्ली आणि मुंबई केली आणि त्यातून मुंबईची ती टॅक्सी मिळाली.

त्या टॅक्सीच्या प्रसंगासाठी मी सगळा सिनेमा पुन्हा बघायला तयार आहे. मागच्या सीटवर दोघं, मध्ये थोडी जागा. खिडकीतून वारा येतोय, दीपाच्या पदराचं टोक उडतंय. नवीनचा हात सीटवर आहे. तो हात थोडा सरकेल का, एवढंच ती मनात घोळवतेय आणि पार्श्वभूमीला मुकेशच्या आवाजात 'कई बार यूं भी देखा है' चालू आहे. कुणी कुणाला स्पर्श करत नाही, कुणी कुणाला काही विचारत नाही. त्या काळच्या हिंदी सिनेमात नायिकेला एकाच वेळी दोन माणसं आवडू शकतात आणि तरी ती चांगली बाई असू शकते, हे इतक्या शांतपणे कुणी दाखवत नव्हतं. मुकेशला या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सलील चौधरींचं संगीत, योगेश यांचे शब्द. गाणी दोनच आणि दोन्ही पार्श्वभूमीला, कुणी ओठ हलवत नाही. दीपाच्या मनातलंच आपण ऐकतोय, असं वाटत राहतं.

अमोल पालेकर त्याआधी मराठी रंगभूमीवर आणि 'शांतता! कोर्ट चालू आहे' या सिनेमात दिसले होते. बँकेत नोकरी करत होते. हिंदी प्रेक्षकांना मात्र हा माणूस नवा होता आणि संजयच्या बडबडीत नायकपणाचा लवलेश नव्हता. शेवटी दीपा कुणाला निवडते, हे मी इथे लिहिणार नाही, पण तिची निवड बरोबर की चूक यावर घरोघरी वाद व्हावा असा तो शेवट आहे. माझं मत दर दहा वर्षांनी बदललंय. विशीत मी नवीनच्या बाजूची होते. तिशीत संजयच्या. आता वाटतं, तिला दोघांनीही पूर्ण ऐकलंच नाही. एक स्वतःबद्दल बोलत राहतो, दुसरा जे बोलायला हवं तेच बोलत नाही.

चौथा, 'छोटी सी बात', बहुतेकांनी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिलेला असतो. लाजाळू अरुण (पुन्हा पालेकर), बसथांब्यावरची प्रभा (पुन्हा विद्या सिन्हा, नावही 'सारा आकाश'मधल्या नायिकेचंच), स्कूटरवरचा धीट नागेश (असरानी) आणि खंडाळ्याला राहून पुरुषांना आत्मविश्वासाचे धडे देणारे कर्नल (अशोककुमार). कल्पना एका इंग्रजी विनोदी सिनेमावरून घेतलेली, पण अंगावर कपडे पक्के मुंबईचे. बेस्टच्या रांगा, फोर्टातली ऑफिसं, जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार'. ते उपाहारगृह २०१५ साली बंद झालं, त्यामुळे तिथे बसून चहा प्यायलेल्यांना तो प्रसंग बघताना आनंद आणि हळहळ एकदमच होते.

चारांत सगळ्यात हलकाफुलका, सगळ्यात नीट बांधलेला, कुणाबरोबरही बघता येईल असा हाच. पण एक गोष्ट भाचीला आवर्जून सांगितली. अरुण प्रभाच्या मागे मागे ऑफिसपर्यंत जात राहतो. सिनेमा ते निरागस ठरवतो, आणि प्रभाला सगळं कळतंय, ती मैत्रिणीशी त्यावर हसतेय, हे दाखवून आपल्याला निश्चिंत करतो. आज लोकल-बसनं प्रवास करणाऱ्या मुलीला ते तितकं निरागस वाटणार नाही आणि तिनं तसं बोलून दाखवावं. नवरा होणाऱ्या मुलानं ते ऐकावं. एवढ्यासाठी सिनेमा नाकारायची मात्र गरज नाही. तोंडातून शब्द न फुटणाऱ्या माणसाची तगमग पालेकरांनी इतक्या मायेनं दाखवलीय की अरुणबद्दल आपुलकी वाटल्याशिवाय राहत नाही.

मग क्रम कसा लावायचा? लग्न अजून व्हायचंय आणि दोघं एकमेकांना ओळखतायत, तर सुरुवात 'रजनीगंधा'नं करा. तुझ्या मनात काय काय आहे हे विचारायला तो सोपं निमित्त देतो. ठरवून लग्न होतंय आणि दोन-चारच भेटी झाल्यात, तर आधी 'छोटी सी बात' बघा, एकत्र हसून झालं की बोलणं सुटतं. 'पिया का घर' घरच्यांबरोबर बघा, आई किंवा सासू शेजारी असेल तर फारच उत्तम, आणि ती मध्येच काही सांगू लागली तर सिनेमा थांबवा. जमलं तर त्याच आठवड्यात 'मुंबईचा जावई'ही.

'सारा आकाश' सगळ्यात मोठा सिनेमा असूनही मी तो पहिला बघायला सांगणार नाही. तो लग्नानंतर, पहिला मोठा अबोला होऊन गेला की बघावा. भाचीला मी सांगितलंय, त्या शनिवारी पुढे कुठलाही कार्यक्रम ठेवू नका, फोन बाजूला ठेवा आणि रात्रीचं जेवण आधीच उरकून घ्या.