लिनक्सची मेमरी-गटवारी : मोंढ्यातल्या सर्व्हरवरचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यात काही आडत दुकानांच्या पट्ट्या ज्या सर्व्हरवर निघतात, तो मी सांभाळतो. 8 जीबी रॅम, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, शिवाय जुन्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठी एक व्हर्च्युअल मशीन. दसरा झाला, सोयाबीनची आवक चढली की मशीन रीस्टार्ट करायची सोय राहत नाही. अशा वेळी ज्या सोयीवर माझी सगळी भिस्त असते, तिच्याबद्दल लिहितोय : लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रॅमची पानं, म्हणजे तिचे ठरावीक मापाचे छोटे तुकडे, प्रकारानुसार वेगवेगळी ठेवतो ती गटवारी. मेल गॉर्मन यांचं हे काम. जानेवारी 2008 मध्ये 2.6.24 आवृत्तीत आलं.

त्रास काय होता बघा. फ्री मेमरी भरपूर दिसते, पण सलग 2 एमबी मागितली की मिळत नाही. रॅम 4 केबीच्या पानांत वाटलेली असते. प्रोग्रामचं पान पेज टेबलमधून (कोणतं पान रॅममध्ये कुठे आहे याची नोंदवही) सापडतं, म्हणून मजकूर दुसरीकडे कॉपी करून नोंद बदलली की ते हलवता येतं. कर्नलच्या स्वतःच्या बहुतेक पानांचं तसं नाही. त्यांचा पत्ता भौतिक पत्त्याशी, म्हणजे रॅममधल्या प्रत्यक्ष जागेशी, ठरावीक अंतराने बांधलेला असतो. असं एकच पान मध्ये बसलं की बाकीची 511 मोकळी असूनही 2 एमबीचं ह्यूज पेज, म्हणजे एकसलग मोठं पान, बनत नाही. गोदामाच्या मधोमध कुणी काटा पक्का रोवला, तर हमालांनी कट्टे कितीही सरकवले तरी तिथे सलग थप्पी लागायची नाही.

म्हणून कर्नल रॅमचे ब्लॉक पाडतो, नेहमीच्या पीसीवर 2 एमबीचे, आणि प्रत्येकाचा प्रकार ठरवतो : न हलणारा, हलवता येणारा, गरज पडली तर रिकामा करून घेता येणारा. नवी मागणी शक्यतो आपल्याच प्रकारच्या ब्लॉकमध्ये जाते.

बडीइन्फो ही फाइल उघडली की डावीकडे 4 केबीचे, उजवीकडे 4 एमबीपर्यंतचे मोकळे तुकडे दिसतात. भर हंगामात माझ्याकडे उजवीकडचे आकडे घसरतात. मग कॉम्पॅक्ट-मेमरी या कर्नलच्या सेटिंगमध्ये 1 लिहिला की कर्नल हलवता येणारी पानं सरकवून सलग जागा करतो, ते आकडे पुन्हा वर येतात आणि व्हर्च्युअल मशीनला ह्यूज पेजेस मिळतात. हे कॉम्पॅक्शन 2010 मध्ये, 2.6.35 ला आलं. लोक त्याचंच कौतुक करतात, पण माझ्या मते मोठं श्रेय गटवारीचं. न हलणारी पानं सगळीकडे विखुरली असती तर कॉम्पॅक्शनच्या हाती काहीच लागलं नसतं.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा गुण का कापला? एका प्रकारची जागा संपली की कर्नल दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये शिरतो, आणि ती सरमिसळ लवकर निघत नाही. रात्रीचा बॅकअप असंख्य लहान फाइलींवरून फिरतो, त्यांच्या नावांची कॅश (पटकन सापडावीत म्हणून रॅममध्ये ठेवलेली नोंद) फुगते, आणि तिथेच हे जास्त घडतं. 5.0 आवृत्तीपासून अशी सरमिसळ झाली की कर्नल थोडी जादा मेमरी मोकळी करून घेतो, त्याने बराच फरक पडतो.

रॅम वाढवायचा खर्च करण्याआधी बॅकअपनंतर एकदा पेजटाइपइन्फो ही कोणत्या प्रकारचे किती ब्लॉक आहेत ते दाखवणारी फाइल बघा (रूट, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याशिवाय उघडत नाही). न हलणारे ब्लॉक वाढतच चालले असतील तर मिन-फ्री-केबाइट्स (कर्नलने किमान किती मेमरी मोकळी ठेवायची ते सेटिंग) थोडं वाढवा, आणि ज्याला ह्यूज पेजेस हमखास लागतात त्याच्यासाठी ती बूट होतानाच राखून ठेवा.