१९६६ ची मस्टँग कन्व्हर्टिबल: पुनर्बांधणीनंतरचे नऊ महिने, ३,८०० मैल

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे दुमडणाऱ्या छपराची. २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा ऑटोलाइट २१०० कार्ब्युरेटर, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ठिकाण न्यू जर्सी. एप्रिलमध्ये रस्त्यावर आली आणि डिसेंबरात रस्त्यांवर मीठ पडायच्या आत गॅरेजमध्ये गेली. तयार झाल्या दिवशी कुठलीही गाडी देखणीच दिसते. पावसात, उन्हात, खड्ड्यांतून फिरल्यावर काय टिकलं हे कळायला वेळ द्यावा लागतो, म्हणून हा अनुभव आता लिहितो आहोत.

एका शब्दाचा खुलासा आधीच करतो. अमेरिकेत हूड म्हणजे बॉनेट, आपल्याकडे जीपचं हूड म्हणजे छप्पर. घोटाळा नको म्हणून खाली छपराला सरळ टॉप म्हटलं आहे.

विकत घेण्याआधी गाडीचा ओळख क्रमांक (नंबर) वाचा. डाव्या पुढच्या चाकावरच्या आतल्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो. या गाडीची सुरुवात ६टी०८सी अशी आहे: ६ म्हणजे १९६६, टी म्हणजे मेटुचन कारखाना, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, सी म्हणजे दोन बॅरलचं २८९. त्या वर्षी कन्व्हर्टिबल निघाल्या ७२,११९ आणि कूपे (पक्क्या छपराच्या गाड्या) जवळपास पाच लाख, त्यामुळे कूपेचं छप्पर कापून बनवलेल्या नकली गाड्याही बाजारात आहेत. नंबरात ०७ दिसला तर ती जन्मानं कूपे. दरवाजावरच्या पट्टीवर ७६ हा बॉडी कोड हवा. मार्टी रिपोर्टची, म्हणजे कारखान्यातल्या नोंदींवरून गाडीची मूळ माहिती देणाऱ्या अहवालाची, आशा धरू नका. त्या नोंदी १९६७ पासूनच्या गाड्यांच्या आहेत. जाता जाता, मेटुचन कारखाना एडिसनमध्ये रूट १ वर होता आणि २००४ साली बंद झाला. तिथून किराणा आणायला जाणाऱ्या कितीतरी मराठी घरांना ठाऊक नसेल की तिथं मस्टँग बनत असे.

आता मुख्य गोष्ट. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. वर छप्पर नसल्यामुळे ताकद खालून येते: दाराखालच्या जाड पत्र्याच्या आतल्या रॉकरमधून, दोन्ही बाजूंच्या टॉर्क बॉक्समधून (पुढचा सांगाडा रॉकरशी जोडणाऱ्या पत्र्याच्या पेट्या) आणि सीटखालच्या मजबुतीच्या पत्र्यांतून. नेमके हेच भाग आतून गंजतात. ते पोखरले की गाडी मधोमध खचते, दाराची फट वर मिटते आणि खाली उघडते. विकत घेताना चारही चाकांवर उभी असताना दोन्ही दारं हळू उघडून बघा. दार उघडताच मागची कड खाली बसत असेल किंवा कुलूप घासत असेल, तर बिजागरीआधी रॉकरवर संशय घ्या.

म्हणून पत्र्याचं काम सुरू करण्याआधी दारांच्या चौकटीत आधार वेल्ड करायचे. एक इंची चौकोनी नळी पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या कुलपाच्या खांबापर्यंत, तिला तिरपी दुसरी, आणि डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी एक आडवी. त्याआधी दारं बसवून फटी जुळवून घ्यायच्या, कारण आधार लावल्यावर जे माप असेल तेच गोठतं. सांगाडा सपाट जमिनीवर, पुढच्या-मागच्या रेल्सखाली चार स्टँडवर, पातळी तपासून. एका वेळी एकच रॉकर कापायचा. तो पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम कापलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांची दारं पुढं कधीच सरळ बसत नाहीत.

मूळ स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या स्पॉट वेल्ड ड्रिलनं उकलले. नव्या पत्र्याला तेवढीच छिद्रं पाडून मिग वेल्डरनं (तार आणि गॅसवर चालणाऱ्या) भरले: ०.६ मिमी तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन पत्र्यांच्या मध्ये वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा गंजरोधक थर) हवाच, नाहीतर गंज तिथूनच परत सुरू होतो. जिथं मूळ वेल्ड होते तिथंच नवे. अंतर वाढवून वेळ वाचवण्याची ही जागा नाही. इंजिन बसल्यावर पुढं वजन येतं आणि फटी हलतात, त्यामुळे रंगाआधी इंजिनासह पुन्हा मोजमाप घ्यावं.

नऊ महिन्यांनी दोन्ही दारांच्या फटी तीन-तीन ठिकाणी मोजल्या. सगळीकडे ५ मिमीच्या आसपास, एप्रिलमधल्या नोंदीपेक्षा अर्ध्या मिमीचाही फरक नाही. या गाडीवर आम्ही समाधानी आहोत ते सर्वांत आधी या आकड्यामुळे.

गंजाची दुसरी जागा काउल, म्हणजे वायपरखालची हवा घेणारी पेटी. पावसाचं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांनी पुढच्या मडगार्डच्या मागून खाली उतरतं. पानं साचली की पाणी तुंबतं, आतल्या हवेच्या नळकांड्यांच्या मुळाशी पत्रा कुजतो आणि पाणी पाय ठेवायच्या जागी येतं. तपासणी सोपी आहे: गालिचे काढा, एकानं जाळीवर बादलीभर पाणी हळूहळू ओतावं, दुसऱ्यानं डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बसावं. प्लॅस्टिकच्या टोप्या चिकटवण्याचा उपाय विकत मिळतो, पण कुजलेल्या पत्र्यावर चिकटवलेली टोपी एक-दोन पावसाळे धरते. काउल उघडून वेल्ड करणं हे कंटाळवाणं, मान मोडणारं काम आहे, आणि ते रंगाआधीच होऊ शकतं. फरशीचे नवे पत्रे टाकून काउल तसाच ठेवला, तर तेही पत्रे पुन्हा कुजणार.

सोबत्यांच्या मदतीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ही गाडी एकट्यानं होत नाही. सर्वांत मोलाची मदत हाताची नसते. जवळपासच्या कुणाकडे त्याच वर्षाची, कधीही न उघडलेली गाडी असते ना, तिची. वायरिंग कुठून जातं, सीलर किती जाड लावलं होतं, टॉप ठेवायच्या जागेतला पट्टा कुठल्या छिद्राला अडकतो, हे छापील पुस्तकात अर्धवट आणि त्या गाडीत पूर्ण दिसतं. तिची मापं घ्या, शंभर फोटो काढा. अशी गाडी शोधायला मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या स्थानिक शाखा उपयोगी पडतात. हा क्लब १९७६ पासून आहे. जुन्या मूळ भागांसाठी पेनसिल्व्हेनियात दोन ठिकाणं: कार्लाइलचा फोर्डचा मेळावा आणि ऑक्टोबरातला हर्शीचा बाजार. तिथं जाताना आपल्याकडचा मोडका भाग सोबत न्यावा, नुसत्या आठवणीवर खरेदी करू नये.

माणसं बोलवायची ती ठरावीक कामांना. दार टांगायला तीन जण: दोघं धरायला, एक बोल्ट आवळायला. बॉनेटला दोघं, इंजिन उतरवायला तिघं, टॉप ताणायला दोघं, ब्रेकची हवा काढायला दोघं. एका शनिवारी एकच काम, आणि त्याचे गॅस्केट, बोल्ट, क्लिपा आदल्या रात्री टेबलावर मांडलेल्या असाव्यात. वायरिंगला मात्र एकच माणूस. दोघांनी वाटून केलेल्या वायरिंगचा दोष सापडायला महिने जातात. पुढची स्प्रिंग काढायचा कॉम्प्रेसर मागून आणला असेल तर वापरायची रीत त्याच्या मालकाकडून समोरासमोर शिकून घ्या. या गाडीत स्प्रिंग सस्पेन्शनच्या वरच्या आर्मवर, टॉवरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या उभ्या घराच्या) आत दाबून बसलेली असते आणि ती निसटली तर जीवावर बेतू शकतं.

इंजिन. कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) मूळ गिअर नायलॉन दातांचा असतो. ते दात तुटून ऑइल पॅनमध्ये पडतात आणि पंपाची जाळी बुजवतात. पॅन उतरवला तर तुकडे सापडतीलच. पोलादी गिअर आणि दुहेरी रोलर चेन लावली. मागच्या मेन सीलला (क्रँकच्या मागच्या टोकाशी ऑइल अडवणाऱ्या) मुळात दोरी असते. तिच्या जागी दोन तुकड्यांचं रबरी सील बसवताना कॅपमधली बारीक पिन काढायची असते. ती राहिली तर नवं सील पहिल्याच दिवशी गळतं. सीलची ओठाची बाजू इंजिनाच्या आत, आणि तुकड्यांची टोकं कॅपच्या जोडापासून सुमारे १० मिमी सरकवलेली. इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या कडांना गॅस्केटच्या पाकिटातल्या बुचाच्या पट्ट्या वापरू नका, त्या आवळताना बाहेर सरकतात. तिथं ६ मिमी जाडीची सिलिकॉन सीलंटची रेघ द्या. नवा कॅम असल्यामुळे पहिली वीस मिनिटं इंजिन मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर ठेवलं आणि जस्त जास्त असलेलं ऑइल घातलं, फिल्टरसह ५ क्वार्ट. फायरिंगचा क्रम १-५-४-२-६-३-७-८, प्लगची फट ०.०३४ इंच, पॉइंटची ०.०१७.

पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणाऱ्यांसाठी: किल्लीपासून कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर साधी नाही, ती रोधक आहे, कॉइलला मुद्दाम कमी व्होल्ट देते. किटला पूर्ण १२ व्होल्ट हवे असतील आणि ते या वायरीवरून घेतले, तर गाडी थंड असताना सुरू होते आणि गरम झाल्यावर बंद पडते. दोष किटचा समजून लोक दुसरं किट आणतात.

नऊ महिन्यांत इंजिननं काय दिलं? मागच्या सीलमधून थेंब नाही. पहिल्या ५०० मैलांनंतर इनटेकचे आणि एक्झॉस्टचे बोल्ट आवळावे लागले, ते अपेक्षितच होतं. जुलैच्या ट्रॅफिकमध्ये तापमान चढत होतं. तीन ओळींचा रेडिएटर घालूनही फरक थोडाच पडला. पंख्याभोवतीचं आवरण बसवल्यावर काटा जागेवर आला. ते आवरण आधीच लावायला हवं होतं.

ब्रेक. १९६६ च्या गाडीत मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. गाडी कितीही मूळ रूपात ठेवायची हौस असो, दोन कप्प्यांचा सिलिंडर घातल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये, असं आमचं ठाम मत आहे. पुढं डिस्कचं किट लावलं, मागं मूळ १० इंची ड्रम. ड्रमसाठीचा मास्टर सिलिंडर डिस्कला जोडला तर त्यातला रेसिड्युअल व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो, पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. सिलिंडर डिस्क-ड्रमचाच मागवा. १४ इंची मूळ चाक कॅलिपरवर घासत नाही ना, हे किट विकत घेण्याआधी विचारा. नव्या नळ्या निकेल-तांब्याच्या, दुहेरी फ्लेअर. सिलिंडरची हवा आधी बाकावर काढली, मग मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ब्रेक आता सरळ आणि भरवशाचे लागतात.

पुढच्या टॉवरना फायरवॉलशी जोडणारा एक्सपोर्ट ब्रेस लावला. जुन्या गाडीचे टॉवर आत झुकलेले असतात, छिद्रं जुळत नाहीत. दोन्हींमध्ये जॅक आडवा धरून हळूहळू फाकवावे लागतात. छिद्र कानसून मोठं करणं म्हणजे झुकाव कायम ठेवणं. खड्ड्यात विंडशील्डची थरथर यामुळे बरीच कमी झाली, गेली नाही. अलाइनमेंटवाल्याला आकडे लिहून द्या, कारण छापील आकडे जुन्या बायस-प्लाय टायरांचे आहेत. रेडियलवर कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढं-मागं कल) अधिक २ ते ३ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्य ते उणे अर्धा, टो-इन (पुढून चाकं किती आत वळलेली) एक अष्टमांश इंच. कास्टर-कॅम्बर वरच्या आर्मच्या शिमनं, म्हणजे पातळ पट्ट्यांनी, बदलतात.

टॉप. कापडाआधी सांगाडा, सांगाड्याआधी दारं आणि काचा, हा क्रम मोडला की टॉप गळणार. काचा पूर्ण वर करून सांगाड्याची रेल त्यांना समांतर आणायची, मग बाजूच्या गाद्या, मागची खिडकी, दोन्ही ताणाच्या केबली, आणि शेवटी पुढची पट्टी. व्हिनाइल गरम दिवशी बसवा. स्टेपल स्टेनलेसचेच. बसवल्यावर टॉप तीन आठवडे बंदच ठेवला, आणि सुरकुत्या आपोआप ताणल्या गेल्या. हायड्रॉलिक पंपात नव्या पंपाच्या कागदावर लिहिलेलंच द्रव घाला. ब्रेक ऑइल आणि ट्रान्समिशन ऑइल मिसळलं तर सीलं फुगतात. टॉप उघडताना मागच्या प्लॅस्टिक खिडकीची चेन आधी सोडायची, आणि थंडीत टॉप दुमडायचाच नाही, प्लॅस्टिक तडकतं. ओला टॉपही दुमडू नये.

नाराजी नव्यानं बनवलेल्या रबरी पट्ट्यांबद्दल आहे. दारांचं रबर मूळपेक्षा जाड आणि कडक निघालं, दार आपटावं लागत होतं. दोन महिने लागले बसायला. डाव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून जोराच्या पावसात अजून थोडं पाणी येतं. रबर, मडगार्डची टोकं, हेडलाइटच्या कडा, बंपर हे सगळं रंगाआधी एकदा पूर्ण बसवून बघा. कानस लागतेच, आणि नव्या रंगावर कानस चालवणं परवडत नाही.

पॉवर स्टिअरिंगचा कंट्रोल व्हॉल्व्ह ऑक्टोबरात पाझरू लागला. नवी सीलं आणली आहेत. गाडी सध्या टॉप वर करून, बॅटरीला छोटा चार्जर लावून, टाकी स्टॅबिलायझर घातलेल्या पेट्रोलनं भरून उभी आहे. मार्चमध्ये व्हॉल्व्ह उघडायचा, काउलवर पुन्हा एक बादली ओतून बघायची आणि डाव्या काचेचा स्टॉप दोन मिमी वर घ्यायचा, एवढी कामं यादीत आहेत.