नागपुरात ग्लुटेन-फ्री पिझ्झा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

धरमपेठ, रामदासपेठ, सदर आणि वर्धा रोड या भागांत आठ महिने खाऊन झाल्यावर मत पक्कं झालंय. बेस बरा मिळतो, अडचण ओट्याची आहे. सीलिअॅक (गहू-जवातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर मेन्यूआधी स्वयंपाकघर बघा.

जिथे मैद्याचे पिझ्झे थापतात तिथे पीठ उडतं आणि फावड्यावर, कटरवर, भट्टीच्या दगडावर बसतं. "भट्टीत सगळं जळून जातं," असं अनेक ठिकाणी सांगतात. ते चूक आहे. ग्लुटेन हे जंतू नाही, प्रथिन आहे. पिझ्झा भाजला जातो तेवढ्या आचेनं ते निरुपद्रवी होत नाही. ग्लुटेन-फ्री म्हणण्यासाठी एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेन आहे, म्हणजे 300 ग्रॅमच्या पिझ्झात 6 मिलिग्रॅम. मैद्यात अंदाजे 8 ते 10 टक्के ग्लुटेन धरा, की चिमूटभरही नाही एवढ्या पिठात ही मर्यादा संपते.

"भाऊ, ग्लुटेन-फ्री आहे का?" या प्रश्नाला "हो" येतंच. त्यापेक्षा विचारा: बेस इथेच थापता की पाकीटबंद येतो, आणि पाकीट दाखवाल का? मल्टिग्रेन म्हणजे ग्लुटेन-फ्री नव्हे, त्यात बहुतेक वेळा गहू असतो. 'गहू नाही' एवढंच लिहिलं असेल तर सातू, म्हणजे जव, आहे का बघा. मग स्वच्छ स्टीलच्या ताटलीवर फॉइल घालून त्यावरच भाजायला सांगा. कटर नको, धुतलेली सुरी हवी. सॉस आणि चीज नव्या डब्यातून मागा, कारण मैद्याच्या बेसला टेकलेला चमचाच परत डब्यात जातो. पनीर टिक्का टाळलेलाच बरा. मसाल्यातल्या बांधानी (पीठ मिसळून केलेल्या) हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं, सोया सॉसमध्ये तर बहुतेक वेळा गहू असतो. साध्या भाज्या सर्वात सुरक्षित.

आठवड्याच्या मधल्या दिवशी, हॉटेल उघडल्या उघडल्या जा. रविवारी संध्याकाळी तुमच्यासाठी वेगळा ओटा पुसायला कुणालाही सवड नसते.

चवीबद्दल थोडं. तांदूळ, ज्वारी आणि टॅपिओकाचा (साबुदाण्याच्या स्टार्चचा) बेस ज्वारीच्या भाकरीसारखाच वागतो, गरम असताना मऊ आणि निवला की कडक. ग्लुटेनची जाळी नसल्यानं पीठ इसबगोलानं धरून ठेवलेलं असतं. सॉस दोन चमच्यांहून जास्त घातला की मधला भाग चिकट होतो. दगडी भट्टीत कडा करपते आणि आत कच्चं राहतं, म्हणून 220 अंशांचा साधा ओव्हन असलेली जागा निवडा. तिथे 8 ते 10 मिनिटं पुरतात. पार्सल नको, घरी पोचेपर्यंत तुकडा वाकत नाही, मोडतो.

काही ठिकाणी स्वतःचा बेस आणू देतात, आधी फोन करून विचारा. मे महिन्यात गोठवलेला बेस उघड्या पिशवीत नेला की पाणी सुटून कागदाला चिकटतो. बर्फाच्या पाकिटासह थर्माकोलच्या डब्यात न्या आणि भाजायच्या दहा मिनिटं आधीच बाहेर काढा.