रिकेल्मे की वेरॉन: जुने सामने कोणाचे पाहाल?

दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या आहेत आणि अर्जेंटिनाच्या एकाच निवृत्त फुटबॉल मिडफिल्डरचे जुने सामने पाहायचे आहेत, तर माझं मत खुआन रोमान रिकेल्मेला. कारकीर्द मात्र खुआन सेबास्टियान वेरॉनची जास्त भरगच्च आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वेरॉनने 1999 मध्ये पार्माकडून युएफा कप जिंकला, पुढच्याच मोसमात लाझिओकडून इटलीची लीग. 2001 मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी 2 कोटी 81 लाख पौंड मोजले. ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. तिथे मधल्या फळीत रॉय कीन आणि पॉल स्कोल्स आधीच ठाण मांडून होते. वेरॉनचे लांब पास तेच होते, पण खेळाची सूत्रं काही त्याच्या हाती आली नाहीत. 2003 ला लीग जिंकून तो चेल्सीला गेला. या काळातले त्याचे सामने खुशाल वगळा.

रिकेल्मे मुळात संथ. सुरुवातीला तर कंटाळाही येईल. म्हणून पहिला सामना टोकियोचा घ्या: नोव्हेंबर 2000, इंटरकॉन्टिनेंटल कप (युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधली लढत), रिकेल्मेचा अर्जेंटिनातला क्लब बोका ज्युनियर्स विरुद्ध रेआल माद्रिद. सहाव्या मिनिटाला त्याने स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला लांब पास थेट बोकाचा स्ट्रायकर पालेर्मोच्या धावेत पडतो आणि बोका 2-0. त्यानंतर पाहायचा तो त्याचा उजवा पाय. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ, चेंडू तळव्याखाली, हात किंचित पसरलेला. तो अंगावर येणाऱ्याला येऊ देतो, साथीदार सुटेपर्यंत थांबतो आणि मगच चेंडू सोडतो. माद्रिदवाले त्याच्याभोवती नुसते घिरट्या घालत राहतात. निकाल 2-1. तेव्हा पोरगा 22 वर्षांचा होता!

पण अशा खेळाडूसाठी अख्खा संघच त्याच्याभोवती बांधावा लागतो. बार्सिलोनात प्रशिक्षक व्हॅन गालने त्याला कडेला उभं केलं आणि प्रकरण आटोपलं. व्हिलारेआलमध्ये प्रशिक्षक पेलेग्रिनीने मधली जागा दिली, तर छोट्याशा गावाचा हा क्लब 2006 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तिथे आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटांत रिकेल्मेची पेनल्टी लेहमनने अडवली, हेही खरं.

वेरॉन एका बाबतीत सरस, आणि ती बाब लहान नाही. त्याच्या वडिलांनी अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहराच्या एस्तुदियांतेस क्लबकडून 1968 ते 1970 अशी सलग तीन वर्षं लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली होती. मुलगा 2006 ला युरोप सोडून ला प्लाताला परतला आणि 2009 मध्ये कर्णधार म्हणून क्लबला चौथी लिबेर्तादोरेस मिळवून दिली. घरच्या मैदानावर 0-0, मग ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंतेत क्रुझेरोविरुद्ध पिछाडीवरून 2-1. घराण्याची गोष्ट म्हणून वेरॉनच बघायचा असेल तर हा एक सामना पुरे. (पुढे दोघेही आपापल्या क्लबचे अध्यक्ष झाले, तो कारभार हा वेगळाच विषय.)

रिकेल्मेकडे परत येऊ: टोकियोनंतर 2007 चा ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेतला बोकाचा लिबेर्तादोरेस अंतिम सामना लावा: ग्रेमिओविरुद्ध 2-0, दोन्ही गोल रिकेल्मेचे. आणि 2006 च्या विश्वचषकातली जर्मनीविरुद्धची लढत पाहणार असाल, तर त्याच्या कॉर्नरवर आयालाने मारलेला गोल बघा आणि 72 व्या मिनिटाला बंद करा. अर्जेंटिनाचे प्रशिक्षक पेकरमन यांनी रिकेल्मेला तेव्हाच बाहेर काढलं. आठ मिनिटांत जर्मनीच्या क्लोजेने बरोबरी साधली.