७५० वॅटचा एसएमपीएस आणि लेबलावरची बारीक ओळ

संगणक असेंबल करताना बहुतेकांचा सगळा अभ्यास ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यापाशीच संपतो आणि एसएमपीएस, म्हणजेच पॉवर सप्लाय, यादीच्या तळाशी उरलेल्या पैशांत बसवला जातो. माझेही तसेच झाले, आणि ज्याने मला तो विकला त्याला गिऱ्हाइकाची ही सवय पुरेपूर ठाऊक होती.

माझी निवड आरटीएक्स ३०७० कार्ड आणि कोअर आय५-१२४००एफ प्रोसेसर अशी ठरली होती. या कार्डासाठी एनव्हिडिया ६५० वॅटचा सप्लाय सुचवते, एवढे मी वाचले होते. विक्रेता म्हणाला, "कंपनी साडेसहाशे सांगते, मी तुम्हाला साडेसातशे देतो. पुढे मोठे कार्ड घेतलेत तरी चिंता नाही." खोक्यावर ठळक अक्षरांत ७५० होते, '८० प्लस गोल्ड' असा, कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा, सोनेरी शिक्का होता आणि पंख्याला रंगीत दिवे होते. मला दिवे आवडले हे कबूल करायला हवे. कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या लागत होत्या आणि सप्लायला तशी एकच होती, तेव्हा खरे तर मी थबकायला हवे होते. विक्रेत्याने दोन मोलेक्स (ड्राइव्हला वीज देणाऱ्या जुन्या, चार पिनांच्या) प्लगांवरून आठ पिनांची एक जोडणी करून देणारी केबल 'भेट' म्हणून दिली आणि मी आभार मानून ती घेतली. साडेसातशे वॅट खरोखर पुरवू शकणारा सप्लाय ग्राफिक्स कार्डासाठी एकच केबल घेऊन येत नाही, हे मला फार उशिरा कळले.

पहिले काही दिवस लिहिणे-वाचणे, व्हिडिओ पाहणे यांत सुरळीत गेले. जड गेम सुरू केल्यावर मात्र वीस-पंचवीस मिनिटांत पडदा काळा होऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. निळा पडदा नाही, त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर, ४१' ही नोंद सापडे, पण तिचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद न होता मध्येच बंद पडला. कशामुळे, हे ती नोंद सांगत नाही. विक्रेत्याने आधी विंडोज नव्याने टाकायला लावले, मग ड्रायव्हर बदलायला लावले, मग रॅम काढून पुसून पुन्हा बसवायला सांगितली आणि शेवटी ग्राफिक्स कार्डच सदोष असल्याचे ठरवून टाकले. या सगळ्यात दीड महिना गेला. कार्ड मित्राच्या संगणकात तासन्‌तास विनातक्रार चालले, तेव्हा कुठे माझा संशय पहिल्यांदा सप्लायकडे वळला.

तो पक्का झाला तो एका साध्या प्रयोगाने. सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा साठ टक्क्यांवर आणली, तर तोच गेम तीन तास चालला. मर्यादा पूर्ववत केली, की पुन्हा काळा पडदा. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांनी एका मोकळ्या मोलेक्स प्लगच्या पिवळ्या आणि काळ्या तारेला मल्टिमीटर लावला. संगणक निवांत असताना ११.९ व्होल्ट दिसत होते, गेम सुरू होताच ते ११.३ वर घसरले. एटीएक्स या सप्लायच्या मानकाच्या जुन्या (३.० पूर्वीच्या) आवृत्त्यांनुसार १२ व्होल्टच्या पुरवठ्यात पाच टक्क्यांपर्यंतच फरक चालतो, म्हणजे ११.४ ही खालची सीमा, आणि मीटरवरचे आकडे सावकाश बदलत असल्याने क्षणभराच्या खोल घसरणी तर त्यात दिसतही नाहीत.

"लेबल वाचले होतेस का?" काकांनी विचारले. मी खोके वाचले होते. लेबल सप्लायच्या अंगावर, कॅबिनेटच्या आतल्या बाजूला तोंड करून होते. सप्लाय बाहेर काढून आम्ही टेबलावर ठेवला आणि काकांनी कागदावर गुणाकार मांडले, कारण व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, याखेरीज त्यात दुसरे गणित नाही. ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, म्हणजे ९२.४ वॅट. ५ व्होल्टला ३६ अँपिअर, म्हणजे १८०. १२ व्होल्टच्या दोन ओळी (म्हणजे पुरवठ्याच्या दोन वाटा, 'रेल') मिळून ३८ अँपिअर, म्हणजे ४५६. उणे १२ व्होल्टचे ९.६ आणि स्टँडबायचे १२.५. बेरीज ७५०.५ वॅट! खोक्यावरचा आकडा असा जन्माला आला होता. प्रत्येक ओळ एकेकटी जास्तीत जास्त किती देऊ शकते ते आकडे सरळ एकमेकांत मिळवले होते. त्या सगळ्या ओळी एकाच वेळी तेवढे देऊ शकत नाहीत, हे सोयीस्करपणे वगळून. आणि कोष्टकाच्या खाली, नखाएवढ्या जागेत, एक बारीक ओळ होती: १२ व्होल्टच्या दोन्ही ओळींची एकत्रित कमाल मर्यादा ३३६ वॅट.

आजच्या गेमिंग संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खादाड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीवरूनच घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर मदरबोर्डचे काही भाग, यूएसबी आणि ड्राइव्ह यांचे किरकोळ काम चालते, त्यामुळे तिथले २७२ वॅट माझ्या उपयोगाचे नव्हतेच. आरटीएक्स ३०७० ची नेमून दिलेली गरज २२० वॅट आणि आय५-१२४००एफ ची टर्बोमधली (पूर्ण वेगातली) कमाल ११७ वॅट, दोन्ही मिळून ३३७. पंखे, मदरबोर्ड हे काहीही न धरता मी ३३६ च्या पलीकडे गेलो होतो. शिवाय कार्डाची २२० ही सरासरी असते. त्या पिढीची कार्डे क्षणभरापुरती याहून बरीच जास्त वीज ओढतात. याच कारणाने २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात सप्लायने आपल्या क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतचा झटका १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, अशी अट घातली गेली. माझ्या सप्लायला दुप्पट तर सोडाच, एकपट सोसवत नव्हते.

मग आम्ही सोनेरी शिक्क्याकडे वळलो. ८० प्लसचे प्रमाणपत्र मिळालेल्या सप्लायची यादी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. तीत ना हे मॉडेल होते, ना ती कंपनी. पण यादी उघडण्याचीही गरज नव्हती, असे काका म्हणाले, कारण सप्लायच्या पाठीमागे ११५ आणि २३० व्होल्ट निवडण्याचा लाल खटका होता. असा खटका जुन्या रचनेत असतो, जिच्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) नसते; आणि ८० प्लसला पॉवर फॅक्टर (भिंतीतून येणारा प्रवाह किती नीट वापरला जातो याचे माप) किमान ०.९ लागतो, जो अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाचून साधत नाही. लाल खटका आणि गोल्डचा शिक्का एकाच वस्तूवर असणे हाच खोटेपणाचा पुरावा होता. येथे एक गैरसमजही नोंदवतो, कारण तो माझाही होता: ८० प्लस म्हणजे ६५० वॅटच्या सप्लायमधून ८० टक्केच वीज मिळते, असे नव्हे. सप्लाय ६५० च देतो, भिंतीतून मात्र त्याहून जास्त ओढतो. ८० टक्के कार्यक्षमता असेल तर ५०० वॅट देण्यासाठी ६२५ ओढतो आणि फरकाची उष्णता होते. तो शिक्का खरा असला, तरी सप्लायच्या आतली सुरक्षा-यंत्रणा किती चांगली आहे, हे त्यावरून कळत नाही.

काकांनी सप्लाय उघडला. हे कोणी घरी करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात. आत जे दिसले त्याने मला रागापेक्षा हसूच आले. झाकणाला आतून लोखंडाचा एक ठोकळा स्क्रूने बसवला होता आणि त्याला एकही तार जोडलेली नव्हती. विकत घेताना "वजन बघा" असे म्हणत विक्रेत्याने सप्लाय माझ्या हातात दिला होता, ते वजन हे! मोठ्या कपॅसिटरवर ६८० मायक्रोफॅरड छापलेले होते. काकांनी ब्लेडने प्लॅस्टिकचे वेष्टण हलकेच सोलले, तर खाली दुसरे वेष्टण निघाले आणि त्यावर ३३० लिहिलेले होते. वीज आत येते तिथल्या फिल्टरच्या कॉईल आणि कपॅसिटर यांच्या जागा बोर्डावर आखलेल्या होत्या, पण भाग बसवण्याऐवजी तारेचे तुकडे डाख देऊन जोडले होते. केबलवर १८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे माप) छापले होते. सोलल्यावर आत जाड रबरी आवरण आणि मोजक्या केसासारख्या तांब्याच्या तारा. एवढ्यावर हा सप्लाय फुटला नाही आणि मदरबोर्डला सोबत घेऊन गेला नाही, यात त्याचे कर्तृत्व काहीच नाही.

हे सारे छायाचित्रांसह विक्रेत्यासमोर ठेवले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, "लेबलावर ३३६ लिहिलेच आहे ना, साहेब? तुम्ही वाचले नाही, त्याला मी काय करणार? आणि आता तर सील तोडलेत." गोल्डच्या शिक्क्यावर तो म्हणाला की तो खोक्याच्या डिझाइनचा भाग आहे. पैसे परत मिळाले नाहीत. सील तोडण्यापूर्वी लेबलाचे, लाल खटक्याचे आणि खोक्यावरच्या ७५० या आकड्याचे फोटो काढून लेखी तक्रार द्यायला हवी होती. मी उलट्या क्रमाने गेलो.

नवा सप्लाय घेताना मी आधी लेबलाचा फोटो मागितला. खोक्यावर ६५० आणि लेबलावर १२ व्होल्टची एकच ओळ, ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट: दोन्ही आकडे एकमेकांशी जुळणारे. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, खटका नाही, मॉडेल यादीत सापडले, कार्डासाठी दोन स्वतंत्र केबल. दिवे नाहीत. तोच गेम, तीच सेटिंग, वीजमर्यादा पूर्ण, आणि पिवळ्या तारेवर १२ च्या आसपास स्थिर आकडा.

जोडणी करताना शेवटची एक चूक माझ्याकडून होता होता राहिली. जुन्या सप्लायच्या ड्राइव्हकडे जाणाऱ्या केबल सप्लायपासून काढता येणाऱ्या होत्या आणि कॅबिनेटमध्ये नीट बांधून बसवलेल्या होत्या, म्हणून मी त्याच नव्या सप्लायमध्ये खोचू लागलो; प्लग अगदी बेमालूम बसतही होता. काकांनी माझा हात धरला. सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम कोणत्याही मानकाने ठरवलेला नाही, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की ड्राइव्ह त्याच क्षणी जातो. त्यांनी बांधलेले सगळे पट्टे कापून त्या केबल बाहेर काढल्या आणि नव्या खोक्यातल्या केबल माझ्यापुढे ठेवल्या.